माझं उत्तम कन्नड

हे ऐकण्याआधी तो कप तेवढा खाली ठेवा. मागच्या खेपेला एक पाहुणे ऐकता ऐकता असे हसले, की त्यांचा अर्धा चहा माझ्या शर्टावर आला. मूर्खपणा सगळेच करतात हो. पण मी केला तेव्हा एका गावानं मला जेवू घातलं आणि एका कुलगुरूंनी शाबासकी दिली. निस्तरायला मात्र मी एकटाच होतो.

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. दुष्काळी कामावरच्या सुकडीची चव अजून लोकांच्या तोंडात होती. मी सोलापुरातल्या एका कॉलेजात मराठी शिकवायचो. म्हणजे तात्पुरता. जूनमध्ये घ्यायचे, एप्रिलमध्ये नारळ द्यायचे, असं तीन वर्षं चाललं होतं. घर वैरागला. आई म्हणायची, "आधी कायम हो, मग पोरी बघू." पोरींचे बापही चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत विचारायचे, "कायम हायत का?" मी नाही म्हटलं की उरलेला चहा ते फार घाईनं प्यायचे.

अशात आमच्या विद्यापीठाला नवे कुलगुरू आले. विद्यापीठ लांब, दुसऱ्या जिल्ह्यात. आम्ही आपले त्याला जोडलेलं एक कॉलेज. हे गृहस्थ वनस्पतिशास्त्राचे. त्यांनी कळवलं, की खुर्चीत बसून मला विद्यापीठ कळायचं नाही. मी आठवडाभर सोलापुरात येतो, मुलांत बसतो, गावात जातो, माणसांशी बोलतो.

प्राचार्यांनी मला बोलावलं. "काळे, आठवडाभर साहेबांची पाठ सोडायची नाही. एकही तक्रार आली नाही, तर जूनमध्ये तुमची कायमची ऑर्डर. आणि आली तर…" पुढे ते नुसता चष्मा पुसत बसले.

मला कळलं.

गुरुवारी अक्कलकोटच्या पलीकडे, सीमेला लागून असलेल्या एका गावी जायचं होतं. आमच्या मुलांनी तिथे शिबिरात रस्ता केला होता. गावाचं नाव सांगत नाही, तिथे मला अजून ओळखतात. सरपंचांना पाठवायचं पत्र आमचे हेडक्लार्क बिराजदार यांनी लिहून आणलं. त्यात लिहिलं होतं, 'व्हाइस चॅन्सलर साहेब येत आहेत.'

मी लाल पेन काढलं. मराठीचा प्राध्यापक ना मी! व्हाइस चॅन्सलर काय? खोडलं, आणि लिहिलं, 'परमादरणीय कुलगुरू आपल्या गावी पदार्पण करीत आहेत. ग्रामस्थांनी सहकुटुंब लाभ घ्यावा.'

बिराजदारांनी ते वाचलं आणि कान खाजवला. ते मूळचे तिकडचेच. "सर, व्हाइस चॅन्सलरच ऱ्हाऊ द्या की. तिकडं कुलगुरू म्हटलं की लोक येगळं समजतात."

"वेगळं म्हणजे काय? शुद्ध मराठी शब्द आहे. आता तुम्ही मला मराठी शिकवणार का?"

"मी कशाला शिकवू," म्हणाले, आणि पत्र टाकून आले. अहो, दोन वाक्यं जास्त बोलले असते तर? पण मी बोलू दिलं असतं तर ना.

सोमवारी कुलगुरू आले. उंच, किडकिडीत, आणि डोळे सारखे भिरभिरते. या माणसाला दिसेल त्याची उत्सुकता. स्टेशनबाहेर टांगेवाल्याला विचारलं, घोड्याला दिवसाला हरभरा किती लागतो. हॉस्टेलात आचाऱ्याला विचारलं, भाकरी फुगते ती कशानं. वर्गात मागच्या बाकावर बसले आणि शेजारच्या मुलाला म्हणाले, "तुला यातलं काय कळत नाही ते सांग, मलाही तेच कळत नसेल." आणि आमच्या लोकांना उत्तर आलं नाही की माझ्याकडे वळायचे. "काळे, हे कसं हो?" मला तरी कुठं माहीत? पण माहीत नाही म्हणणं ही तक्रारच की. मग मी ठोकून द्यायला लागलो.

मंगळवारी पूर्व भागात विणकरांच्या घरी गेलो. माग चालू, दारात सुताच्या लडी पसरलेल्या. घरातली बाई तेलुगूत काहीतरी भराभरा म्हणाली.

"काय म्हणतात?"

"आत या म्हणतात, सर."

कुलगुरू हसून दोन पावलं आत गेले. बाई आणखी मोठ्यानं बोलली.

"आणि आता?"

"आणखी आत या."

शेवटी त्या बाईनं येऊन त्यांना दंडाला धरून बाजूला केलं आणि त्यांच्या बुटाखालची लडी ओढून घेतली. कुलगुरूंना वाटलं, बसायला जागा करून देतायत. ते खूष. जीपमध्ये म्हणाले, "तुम्हाला तेलुगू येतं, हे मोठं काम आहे. कन्नडही येत असेल?"

आता इथं माणसानं गप्प बसावं की नाही? मी म्हणालो, "येतं की, सर. उत्तम."

मला कन्नडचे तीन शब्द येत होते. बर्री म्हणजे या, कुंदर्री म्हणजे बसा, आणि ऊटा म्हणजे जेवण.

गुरुवारी गावाच्या वेशीवर जीप थांबली, तर समोर हलगी वाजतेय. सगळी वाट झाडून शिंपलेली, दारोदार रांगोळी, बायका डोक्यावर कळशा घेऊन उभ्या. मध्यभागी पाट, पितळी परात, आणि पाटाशेजारी पांढऱ्या पटक्यातले एक म्हातारे, कपाळावर आडवी विभूती. ते गावातले सर्वांत वडीलधारे, सगळे त्यांना आप्पा म्हणत होते.

कुलगुरू भारावले. "काळे, एवढं सगळं?"

"इकडे शिक्षणाला फार मान आहे, सर."

कुलगुरूंनी बूट काढले, मोजे काढले. डाव्या मोज्याला भोक होतं, तो त्यांनी घाईनं बुटात कोंबला. आप्पांनी त्यांना पाटावर उभं केलं, वाकून पाय धुतले, पुसले, विभूती लावली. पाठीमागून एक बाई दुसरीला म्हणाली, "कुलगुरू किती वर्सांनी आलं बग."

आणि मला बिराजदारांनी खाजवलेला कान आठवला.

वेगळं समजतात म्हणजे काय, ते मला तिथं भर उन्हात समजलं. हे लोक मठातल्या गुरूची वाट बघत होते. घराण्याचा गुरू! आणि मी त्यांच्यापुढं वनस्पतिशास्त्राचा डॉक्टर उतरवला होता.

आता काय करू? कुलगुरूंना सांगावं तर ऑर्डर गेली. गावाला सांगावं तर मी गेलो. मी ठरवलं, दोन्हीकडचं बोलणं माझ्यातूनच जाऊ द्यायचं, म्हणजे भांडं फुटायचं नाही. सगळ्यांसमोर मोठ्यानं जाहीर केलं, "तुम्ही कन्नडमध्येच बोला बरं का. मला येतं. साहेबांना मी मराठीत सांगतो."

आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग लोकांकडे पाहिलं. आणि कन्नडमध्ये सुरू झाले.

काय बोलले देव जाणे. गंभीर होते एवढं खरं. बोलता बोलता त्यांनी दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली, मग एक. "हन्नोंद वर्ष आत्री," म्हणाले.

"अकरा काय, काळे?"

वर्ष हा शब्द मला कळला होता. अकरा आणि वर्ष. माझं डोकं तेव्हा काय पळालं म्हणता! "सर, ते म्हणतात, गावात अकरावीपर्यंत शाळा हवी."

कळशीवाल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. हलगीवाल्याचा हात थांबला.

"अगदी योग्य मागणी," कुलगुरू म्हणाले. "पुढे?"

आप्पांनी हलकंसं खाकरून काठीनं मातीत एक लांब पट्टा काढला. पट्ट्याच्या एका बाजूला उभ्या असलेल्या दणकट माणसाकडे बोट केलं, मग दुसऱ्या बाजूच्या तशाच माणसाकडे. नाकडोळ्यांवरून भाऊ दिसत होते, पण एकमेकांकडे पाठ करून उभे होते.

"हे काय दाखवतात?"

"शाळेची जागा, सर. हे दोघे भाऊ देणार आहेत."

तो थोरला माझ्याकडे असा बघायला लागला, की मी नजर कळशांकडे वळवली. पण कुलगुरू पाटावरून उतरले, तसेच अनवाणी. त्यांनी थोरल्याचा हात धरला, धाकट्याचा धरला, आणि एकमेकांत दिला. "अहो, जमीन कोण देतं आजकाल? तुमच्यासारखी माणसं मी पाहिली नाहीत. शाळेसाठी लागतील ती पत्रं मी स्वतः लिहीन."

दोघा भावांनी हात सोडवून घेतले नाहीत. धाकट्यानं डोळ्याला पटक्याचं टोक लावलं. बायकांत कुणीतरी हुंदका दिला. मी म्हटलं, बघा, शिक्षणाची केवढी तळमळ! खरं सांगतो, मलाही रडू येत होतं. माझं कारण वेगळं होतं.

जेवणं झाली. ऊटा हा माझा तिसरा शब्द तेवढा कामी आला. कुलगुरू बांधावरचं कसलंसं रोपटं बघायला गेले, आणि आप्पा माझ्या शेजारी येऊन बसले. पानाला चुना लावत म्हणाले, अगदी स्वच्छ मराठीत, "सर, तुमाला कन्नड येत न्हाय, न्हवं?"

माझ्या हातातलं पान खाली पडलं.

"तुम्हाला एवढं मराठी येतं?"

"आता घ्या! सोलापूरच्या बाजारात जल्म गेला आमचा. हितं शेंबडं पोरगंबी दोन्ही बोलतंय."

"मग कन्नडमध्ये का बोललात?"

"तुमीच म्हनला की, कन्नडमदी बोला. पावण्याचा शब्द कसा मोडायचा?"

म्हणजे मी जे जे ठोकून दिलं, ते सगळ्या गावानं शब्द न् शब्द ऐकलं होतं. मी कसंबसं विचारलं, "आणि हे तुमचे गुरू नाहीत, हे…"

"जीपमधनं बूट घालून उतरले तवाच कळलं. आमच्या गुरूचा मोजा कशाला फाटंल?"

"तरी पाय धुतलेत?"

"पानी तापवलं हुतं की. आलेल्या मानसाचं पाय धुतल्यानं काय बिघडतंय?"

मग त्यांनी ती अकरा वर्षं सांगितली. ते दोघे त्यांचे पुतणे. बापाच्या मागं जमिनीच्या एका पट्ट्यावरून भांडले. अकरा वर्षं बोलणं नाही, कोर्टाच्या खेपा, एकमेकांच्या घरच्या लग्नकार्याला जाणं नाही. गुरू येणार असं पत्र वाचलं तेव्हा आप्पांनी दोघांकडून शब्द घेतला होता, की गुरूसमोर ठरेल ते ठरेल.

"पट्टा कुनाला द्यायचा, यवढंच मी इचारत हुतो. तुमी साळंला दिऊन टाकला. मला अकरा वर्सांत सुचलं न्हाय बगा ते. आन चार मान्सांपुढं हात हातात दिल्यावर न्हाय कोन म्हनंल?"

मी त्यांचे हात धरले. "आप्पा, माझं चुकलं. पण साहेबांना यातलं काही सांगू नका. माझी नोकरी कायम व्हायचीय हो."

आप्पांनी पान गालात सारलं. "मी कशाला सांगू? पर साळा याया पायजे. न्हाय आली, तर सांगतो."

पुढचं वर्षभर सुट्टी मिळाली की मी शाळेच्या कागदांमागं जिल्ह्याच्या ऑफिसात. कुलगुरूंचं पत्र होतं म्हणून कारकून निदान बसायला तरी सांगायचे. शेवटी त्या पट्ट्यावर पत्र्याच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या. पण ते नंतरचं.

शनिवारी निरोपाच्या सभेत कुलगुरू म्हणाले, "आठवडाभर मी पुष्कळ विचारलं. पण गुरुवारी एका गावानं मला काहीतरी विचारलं, आणि ते मला समजलं ते केवळ प्राध्यापक काळे यांच्यामुळे." टाळ्या पडल्या. बिराजदार मागच्या रांगेत होते. आप्पा त्यांचे लांबचे मामा लागतात, हे मला नंतर कळलं. टाळ्या त्यांनीच सर्वांत जास्त वाजवल्या.

मे महिन्यात कुलगुरूंचं पत्र आलं. प्राचार्यांनी वाचून दाखवलं: "श्री. काळे यांना कायम करण्याबाबत आमची शिफारस आहे. त्यांचे कन्नडचे उत्तम ज्ञान पाहता, जूनपासून कॉलेजात कन्नड–मराठी भाषांतराचा वर्ग सुरू करून तो त्यांच्याकडेच सोपवावा."

"अभिनंदन," प्राचार्य म्हणाले. मी खुर्चीवर बसलो. त्यांना वाटलं आनंदानं.

उरलेला मे महिना मी बिराजदारांच्या ओट्यावर वही घेऊन बसत होतो. हातात लाल पेन घेऊन ते माझी अक्षरं तपासायचे. मी एकदाही वाद घातला नाही.

जूनमध्ये पहिला तास. कायम झालेला माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशात ऑर्डरची नक्कल. फळ्यावर ठसठशीत लिहिलं, 'भाषांतर म्हणजे काय?' आणि म्हणालो, "कुणाला काही शंका?"

पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. चेहरा ओळखीचा वाटला. "सर, मी त्या गावची. त्या दोघा भावांतल्या धाकट्याची मुलगी. पाय धुताना तांब्या माझ्याच हातात होता."

"बस, बस," मी घाईनं म्हणालो.

"एकच शंका आहे, सर." ती अगदी मनापासून विचारत होती. "परीक्षेत भाषांतर माणूस बोलला तसं करायचं, का तुम्ही आमच्या आप्पांचं केलं तसं?"