बुटकीची नवी सीट

मामा आमच्या वर्कशॉपात कोणाचाच मामा नव्हता. तरी टीम चालवणाऱ्या साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्याला मामाच म्हणायचे, आणि त्याच्या बायकोला, जिला निम्म्या लोकांनी कधी पाहिलंही नव्हतं, मामी. मी तिथला टायरवाला. माझं तोंड फटकळ आहे हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी नाक मुरडायला नको.

आमच्या गाड्या म्हणजे शर्यतीतल्या सगळ्यात खालच्या पायरीवरच्या. एका माणसापुरती लांबट पेटी, चाकं उघडी, पाठीमागे इंजिन. सोळा-सतरा वर्षांची पोरं इथे एक-दोन हंगाम घासतात आणि त्यातलं एखादं वरच्या वर्गात जातं. बाकीची कुठे जातात ते कोणी विचारत नाही. मामाचं काम त्या पोरांच्या सीट बनवण्याचं. दुकानात मिळते तशी सीट या गाडीत चालत नाही, ज्याच्या त्याच्या पाठीवर ती ओतावी लागते. पोराला गाडीत बसवायचं, पाठीमागे जाड प्लॅस्टिकची पिशवी ठेवायची, आणि दोन रसायनं बादलीत ढवळून पिशवीत सोडायची. फोम फुगतो, तापतो आणि पोराच्या पाठीचा, कमरेचा, खांद्यांचा आकार घेऊन कडक होतो. मग मामा सुरीने कडा तासायचा आणि वरून टेप गुंडाळायचा.

फोम फुगत असताना पोराने हलायचं नाही. "हसू तर अजिबात नकोस," मामा प्रत्येकाला बजावायचा. "आत्ता हसलास तर वर्षभर बरगडीत टोचेल." एरवी हा माणूस मूग गिळून बसलेला, पण त्या वेळी पोरांशी काहीबाही बोलत राहायचा. आईने सकाळी काय दिलं खायला, रात्री झोप लागली का, असलं. पोरं त्याला जे सांगायची ते मानसतज्ज्ञालाही सांगितलं नसेल, आणि मामाच्या पोटातून ते बाहेर आलेलं मी कधी ऐकलं नाही.

त्याचे दोन नेम होते. हंगामाच्या पहिल्या दिवशी इंजिन सुरू झाल्याशिवाय सीटवर नाव चढवायचं नाही. आणि तोवर जुनी सीट फेकायची नाही, भिंतीवर खुंटीला टांगून ठेवायची. सगळ्या धंद्याला हे माहीत होतं, आणि सगळं पुढे त्यातूनच झालं.

बुटकी आली तेव्हा तिचे पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते. मामाने पेडलला लाकडाचा ठोकळा लावून दिला. नाव त्याच दिवशी पडलं आणि तिनेही ते हसत घेतलं. तिची आई शहरात बस चालवायची. गिअर बदलायला आईच्या मांडीवरच शिकलेय, असं बुटकी सांगायची, आणि ते खोटं वाटायचं नाही. पावसात, ओल्या रस्त्यावर, ती गाडी अशी न्यायची की मी टायर मोजायचं विसरून बघत बसायचो. मला या पोरांचं फारसं कौतुक नसतं. हिचं होतं.

मग एका उन्हाळ्यात बुटकी वाढली. वाढली म्हणजे काय, बांबूच झाली. मामाच्याही डोक्यावरून बघायला लागली, पण नाव काही बदललं नाही. जुनी सीट कमरेला करकचून बसत होती आणि पोरगी अवाक्षर बोलत नव्हती, कारण उंची वाढली म्हणजे वजन वाढलं, आणि वजन वाढलं ही बातमी वर्ष संपताना बाहेर जाणं तिला परवडणारं नव्हतं. शर्यतीनंतर ती गाडीतून उतरायची ते कंबर धरूनच.

वर्ष संपताना या धंद्यात अंदाजांचं पीक येतं. कोण राहणार, कोण जाणार, कोणाच्या जागेवर कोण. पुढच्या हंगामासाठी आमच्या दोन गाड्यांपैकी एक ठरलेली होती. दुसरीसाठी दोन नावं होती, बुटकी आणि चष्मिस. चष्मिस दुसऱ्या टीममधून येऊ बघत होता. मुलगा चांगला, नम्र, चालवायला बरा, आणि पाठीशी भक्कम बाप. बुटकीच्या पाठीशी एक टाइल्सवाले शेठ होते. त्यांच्या दुकानाचा स्टिकर तिच्या गाडीवर असायचा. शेठ पैशांच्या करारावर पुन्हा सही करणार होते शुक्रवारी, आणि त्यांनी सही केली की साहेब तिला ठेवणार, हे ठरल्यातच जमा होतं. ती जागा गेली असती तर बुटकीला दुसरीकडे कुठेच दार उघडं नव्हतं. सतरा उलटली की या वर्गात नव्याने कोणी घेत नाही.

मामाला खात्री होती. इतकी खात्री की सहीच्या आधीच्या रविवारी त्याने तिला गुपचूप बोलावलं. उरलेल्या रसायनातून नवी सीट ओतून ठेवू, पोरीची कंबर तरी सुटेल, असा त्याचा हिशेब. साहेबांना विचारलं नाही. मी तिथे होतो, कारण रविवारी घरी थांबलो की बायको मला माळा साफ करायला लावते.

बुटकी गाडीत बसली, मामाने पिशवीत फोम सोडला. "हसू नकोस," तो म्हणाला. फोम फुगला आणि पिशवीतली हवा कुठूनतरी निसटून असा काही आवाज आला की भल्या घरात त्याचं नाव घेत नाहीत. मामा बादलीकडे बघत गंभीरपणे म्हणाला, "मी नाही."

बुटकी फुटली. हसू दाबायला गेली तशी आणखी गदगदली. फोम निघाला तेव्हा डाव्या बरगडीच्या जागी एक बारीक लाट उमटली होती. मामाने सुरी उचलली.

"राहू दे ना मामा," ती म्हणाली.

"टोचेल."

"नाही टोचत. माझीच तर आहे."

मामाने सुरी खाली ठेवली. नवी सीट वर्कशॉपाच्या माळ्यावर कापडाखाली झाकली. मग, आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. खुंटीवरची जुनी सीट काढली आणि मागच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आला. "पोरीला पुन्हा त्या खोड्यात बसवणार नाही," मला म्हणाला. इतका खुशीत मी त्याला फार वर्षांत पाहिला नव्हता.

आता भोंगा. भोंगा म्हणजे शर्यतींच्या बातम्या देणारा एक इसम, अंदाज वर्तवण्यात पटाईत. दहा ठिकाणी दगड मारायचे, एक लागला की वर्षभर त्याच्याच गोष्टी सांगायच्या. वर्ष संपताना तो टीमच्या मागच्या दारी चकरा मारायचा. सोमवारी त्याला डब्यात बुटकीची सीट दिसली. दुपारपर्यंत फोटोसकट बातमी फिरली. हंगामाआधी जो माणूस सीट फेकत नाही त्याने ही फेकली, म्हणजे पोरीची गच्छंती पक्की. तर्क चुकीचा होता, पण बिनतोड होता. मलाही बाहेरून कोणी सांगितलं असतं तर पटलं असतं.

टाइल्सवाल्या शेठचा फोन संध्याकाळच्या आत आला. ते भले गृहस्थ, पण व्यापारी. म्हणाले, ती राहतेय एवढं एक वाक्य साहेबांनी जाहीर बोलावं, मी सही करतो.

मामा साहेबांच्या केबिनमध्ये गेला. मी दारातच होतो.

"साहेब, एक वाक्य बोला ना."

"आपण अंदाजांवर बोलत नाही, मामा. कधीच बोललो नाही."

"पण बातमी खोटी आहे."

"मग आज ही खोटी म्हणू. उद्या दुसऱ्या कोणाबद्दल गप्प बसलो की लोक म्हणतील, ती खरी. झाकली मूठ सव्वा लाखाची." साहेबांनी मान वर केली. "पण तू सीट फेकलीस कशाला?"

मामाने तिथे सगळं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. न विचारता सीट ओतली हे सांगायची त्याला भीती वाटली, नोकरीची नव्हे, बोलणी खायची. उभं आयुष्य साहेबांच्या तोंडून वावगा शब्द ऐकला नव्हता. "खराब झाली होती," एवढंच पुटपुटून तो बाहेर आला.

रात्रभर विचार करून सकाळी येताना त्याने ठरवलं होतं, भोंग्यालाच बोलवायचं. मामीने जेवणाचा डबा देताना बजावलं होतं, "तुम्ही फोम ओता. तोंड उघडायच्या फंदात पडू नका." मामीचं ऐकलं असतं तर हे लिहायची पाळीच आली नसती.

साहेब बाहेर गेले होते. भोंगा आला, बुटकीही बस बदलत बदलत पोचली. मामाने माळ्यावरून नवी सीट उतरवली.

"यावर नाव कुठे आहे?" भोंगा म्हणाला. "कोणाचीही असेल."

"नाव पहिल्या दिवशी चढतं. बसून दाखव गं."

बुटकी बसली. अंगावर शिवल्यासारखी सीट बसली. मामाचा चेहरा असा की परीक्षेचा निकाल लागलाय. भोंग्याने फोटो काढले, मान डोलावली, आणि निघताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "साहेबांना माहीत आहे हे?"

साहेबांशी एकदा खोटं बोलून झालं होतं, दुसऱ्यांदा मामाला ते जमलं नाही. तो बुटकीचा हात धरून तिला उतरवायला लागला. मला त्या वेळी वाटलं, पाना घ्यावा आणि त्या भोंग्याच्या नव्हे, मामाच्या डोक्यात घालावा.

बातमी आली ती अशी: साहेबांच्या पाठीमागे गुपचूप सीट, पोरीला ठेवण्यावरून टीममध्ये फूट. साहेबांनी बुटकीच्या आईला फोन केला, ती बस डेपोत होती. बातम्या पेरून माझ्यावर दबाव आणता का, असं त्यांनी विचारलं. तिला बिचारीला काय चाललंय हेच कळेना. शेठनी सही केली नाही. भांडणाच्या घरात माझं नाव नको, म्हणाले. शुक्रवारी चष्मिसच्या बापाने सही केली. भोंग्याने पहिली बातमी पुन्हा छापली, वर लिहून की हे आम्ही आधीच सांगितलं होतं. त्याचा अंदाज खरा ठरला म्हणून आजही लोक त्याला मानतात.

मामाने मग साहेबांना सगळं सांगितलं. उशिरा, पण सगळं. शेवटी म्हणाला, "चूक माझी आहे. मला काढा आणि तिला ठेवा."

साहेब वाईट माणूस नाहीत. ते थकल्यासारखे म्हणाले, "तुला काढलं तर सीट कोण बनवणार?"

बुटकी आईबरोबर हेल्मेट न्यायला आली. आई बसच्या गणवेशातच होती, पुढची फेरी गाठायची होती. बुटकी एकेकाला भेटली, मला म्हणाली, "काका, टायर सांभाळा." मामाजवळ आली, त्याच्या हातातली सुरी घेऊन टेबलावर ठेवली आणि त्याचे दोन्ही हात थोडा वेळ धरून उभी राहिली. आईने ते पाहिलं.

"भाऊ," आई मामाला म्हणाली, "तुमच्यावर राग नाही. तुम्ही पोरीसाठीच केलंत सगळं. पण हात जोडते, पुन्हा आमचं भलं करू नका."

मामा मान खाली घालून हो म्हणाला.

बुटकी आता जत्रेतल्या छोट्या गाड्यांच्या ट्रॅकवर मुलांना पट्टे बांधून देते. मी एकदा लांबून पाहिली. चांगलं काम करते. मी जवळ गेलो नाही.

चष्मिसची पहिली चाचणी तोंडावर आली आणि रसायनाचे डबे वेळेत पोचले नाहीत. साहेब म्हणाले, माळ्यावरची आहे ना, उंची सारखीच आहे दोघांची, तीच बसव. मामाने ती खाली आणली. कमरेला थोडं तासलं, खांद्याला थोडी गादी लावली. मी टायर लावत होतो, बॅटरीचा उजेड धरायला मला बोलावलं.

चष्मिस आत बसला, पट्टे ओढले, इकडे तिकडे हलून पाहिलं. पोरगं खरंच सभ्य. "मस्त बसतेय, मामा," तो म्हणाला. "फक्त इथे डावीकडे बरगडीला काहीतरी टोचतंय."

मामाने त्याला उतरायला सांगितलं. सीट मांडीवर घेतली, टेप सोडवली आणि ती लाट अंगठ्याने चाचपली. बराच वेळ चाचपली. मग सुरी लावली आणि पापुद्रा पापुद्रा करत ती जागा सपाट केली.

"काय होतं तिथे?" चष्मिसने विचारलं.

"काही नाही," मामा म्हणाला. "हवा अडकली होती."

त्याने नवी टेप गुंडाळली. हंगामाच्या पहिल्या दिवशी इंजिन सुरू झालं तेव्हा नेमाप्रमाणे त्या सीटवर चष्मिसचं नाव चढवलं. पोरांच्या पाठीवर फोम तो अजूनही ओततो. पण आता गप्प बसून ओततो, आणि हसू नकोस असं कोणाला सांगत नाही. सांगावं लागतच नाही.