पुढची सोडली काय?

देवरावभाऊ गाडी दुरुस्तीला घेण्याआधी तिच्यात झोपत. निदान बघणाऱ्याला तरी तसंच वाटे. गिऱ्हाईक तक्रार सांगत असतानाच ते मागचं दार उघडून आत बसत, मान टेकवत, डोळे मिटत आणि म्हणत, "हां, चालवा." काम करताना ते निळा डगला चढवायचे, पण गाडीचा आवाज ऐकणं मात्र पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातच व्हायचं. केसांना काळीकुळकुळीत डाय, ओठांवर अर्धवट हसू. मी पहिल्यांदा माझी जीप घेऊन सौंसरच्या त्यांच्या गॅरेजात गेले, तेव्हा हा माणूस राहिलेली झोप माझ्या गाडीत पुरी करतो आहे, असं वाटून मी चांगलीच चिडले होते.

मी गुरांची डॉक्टर. माहेर पांढुर्ण्याचं, काम मोहगाव, लोधीखेडा आणि आसपासच्या गोठ्यांवर. संत्र्याच्या बागांतल्या वाटा ओल्या झाल्या की काळी माती चाक सोडत नाही, म्हणून चारही चाकांनी ओढणारी जुनी जीप घेतलेली. भाऊंना माझ्या धंद्याचं फार कौतुक. "तुमचे बी पेशंट बोलत नाही बाई, माझे बी नाही. फरक इतकाच, का तुमचे लात मारते." हा विनोद ते दर भेटीत नव्यानं सांगायचे आणि दर वेळी स्वतःच आधी हसायचे. मीही हसायची, कारण त्याशिवाय ते गाडीला हात लावत नसत.

अशा जीपमध्ये गिअरच्या शेजारी एक छोटा दांडा असतो. तो पुढे ढकलला की मागच्या चाकांबरोबर पुढचीही ओढायला लागतात. भाऊंच्या बोलीत हे 'पुढची जुंपणं', आणि दांडा परत मागे ओढणं म्हणजे 'सोडणं'. अगदी औताच्या बैलांसारखं. आमच्याकडचे लोक चिखलात जुंपतात आणि डांबरी रस्त्यावर आले तरी सोडत नाहीत. मागे संत्र्यांचे कॅरेट रचलेले असतात, चौघं मिळून ओढताहेत या विचारानंच त्यांना धीर येतो. मग वळणावर गाडी अडखळते, टायर ओरडतात, आतले गिअर तापतात. म्हणून गॅरेजात पाऊल टाकणाऱ्याला नमस्काराच्या आधी प्रश्न यायचा, "पुढची सोडली काय?"

"चिखलात चारही सोबत पाहिजे," ते समजावायचे. "पण कोरड्यावर ज्याचं त्याले फिरू द्या न! वळणावर बाहेरच्या चाकाले जास्त चालाचं असते, आतल्याले कमी. बांधून ठेवसान तं भांडतीन थे." आणि दांडा अडकला म्हणून कुणी दोन्ही हातांनी ओढायला लागला, की ते डोळे न उघडता हात वर करायचे. "जोर नोको. थोडी मागे घ्या." गाडी हातभर मागे जायची, आतला ताण उतरायचा आणि दांडा आपसूक सुटायचा. मी हे कितीदा तरी पाहिलं आहे, आणि दर वेळी मला बरं वाटलं आहे.

गाडी चालवायला असायची त्यांची मुलगी पूनम. छिंदवाड्याला डिप्लोमा करून आलेली, कमी बोलणारी. ती सावकाश गाडी फिरवायची, भाऊ मागे त्यांच्या त्या गुंगीत, खिडकीतून कापसाची शेतं सरकताहेत, आणि मग एकाएकी भाऊ डोळे उघडून जाहीर करायचे, "डावी मागची!" एकदा त्या दोघांसोबत जाताना माझं सहज आरशाकडे लक्ष गेलं. भाऊंचा एक डोळा किलकिला होता. पूनमनं उजव्या कानामागे केस सारले आणि भाऊ गरजले, "उजवी पुढची!" पुढच्या खेपेला मी मुद्दाम पाहिलं. डावीकडचा आवाज असला की डावा हात, उजवीकडचा असला की उजवा. भाऊंना ऐकू कमी येऊ लागलं होतं आणि सबंध सौंसरला ते कळू नये याची काळजी ती पोर केसांनी घेत होती. मला इतकी माया दाटून आली की मी बराच वेळ बाहेरच बघत राहिले.

म्हणूनच वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, चहा देताना जे सांगितलं ते ऐकून मी कप खाली ठेवला. पुण्याच्या एका कारखान्यात गाड्या तपासण्याच्या कामावर पूनमची निवड झाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. "आधी म्हने संत्र्याचा सीजन होऊ दे. सीजन झाला. आता बोलतच नाही," वहिनी म्हणाल्या. "पोरगी रोज तोंडाकडे पाहून राहिली त्याईच्या." गॅरेजात भाऊ कुणाला तरी विचारत होते, पुढची सोडली काय?

त्याच दिवशी माझ्या जीपची घरघर शोधायला आम्ही तिघं मोहगावच्या रस्त्यानं निघालो. संत्र्याचा आंबिया बहार फुललेला. वास असा दाट की बोलावंसं वाटू नये, आणि मधमाश्यांच्या गुणगुणीत गाडीची गुणगुण मिसळून गेलेली. डावीकडे वळलं की घरघर वाढे. पूनमनं उजव्या कानामागे केस सारले. "उजव्याची बेअरिंग," भाऊ मागून म्हणाले. परतताना ती एका बागेतून वळली. झाडांना पाणी सोडलेलं, वाटेचा नुसता चिखल. तिनं पुढची जुंपली, जीप डुलत डुलत बाहेर आली आणि डांबराला लागली. दांडा मात्र तिनं सोडला नाही.

वळणावर टायर ओरडले. जीप ठेचकाळली. भाऊ ताडकन उठून बसले. "सोड वं पोरी, पुढची सोड!"

पूनमनं गाडी तिथंच थांबवली. स्टेअरिंगवरचे हात न काढता म्हणाली, "तुमीच सोडा न, बाबा."

"गाडीचं बोलून राह्यलो मी."

"मी नाही बोलून राह्यली गाडीचं."

उतरून जावं तर ते वाईट दिसलं असतं, म्हणून मी पिशवीतली औषधं उगाच वरखाली करत राहिले. मग भाऊंनी दोन सीटांमधून हात घालून दांडा धरला आणि ओढला. तो हलेना. त्यांनी दुसरा हात लावला, दात आवळले, मानेच्या शिरा फुगल्या. जन्मभर इतरांना जोर करू नका म्हणणारा माणूस स्वतः झोंबत होता, आणि मला हसू नाही, रडू येत होतं.

"जोर नोका करू बाबा," पूनम हळूच म्हणाली. "थोडी मागे घेऊ द्या."

तिनं जीप जराशी मागे घेतली. भाऊंच्या हाताखाली दांडा अलगद सुटला. हात त्यांनी तिथंच ठेवला.

"मंग मले कोन सांगन?" ते म्हणाले. "डावी का उजवी?"

"लोकायले विचारा. त्याईले येते न ऐकू."

दांड्यावरचा हात त्यांनी काढून घेतला. मग भाऊ मागे टेकले आणि डोळे मिटून म्हणाले, "हां, चालव. घरी जाऊन सामान भराचं हाय तुले."

पूनम गेली. त्यानंतर पहिल्यांदा मी गॅरेजात गेले, तेव्हा जीप मीच चालवली आणि भाऊ मागे बसले. मागून कुठून तरी टकटक येत होती. मी जरा घुटमळले आणि डाव्या कानामागे केस सारले. आरशातून आमची नजरानजर झाली.

"हात खाली ठेवा बाई," ते म्हणाले. "तोंडानं सांगा. मले कमी येते ऐकू, आता समद्याईले मालूम हाय."

मी सांगितलं, डावीकडून येते आहे. त्यांनी चपला काढल्या, अनवाणी तळवे गाडीच्या पत्र्यावर टेकवले आणि पुन्हा डोळे मिटले. पुढची जुंपून मी बागेच्या वाटेनं गाडी काढली. डांबरी रस्ता आला, मी दांडा ओढून पुढची सोडली, तरी मागून नेहमीचा प्रश्न येईना, तेव्हा मीच विचारलं, "भाऊ, सोडली काय?"

त्यांना ऐकू गेलं नसावं असं मला वाटलं. पण जरा वेळानं ते डोळे मिटूनच बोलले.

"सोडली, बाई. रोज थोडी मागे घ्या लागते."