पाण्याखालच्या बाभळी

तीर्थपुरीच्या पुढं, गोदाकाठच्या एका गावात, सर्जेराव तीस वर्षं माणसं पैलतीरी सोडत होते. खाली बंधारा झाला, पाणी शेतांत पसरलं आणि हिवाळ्यात जालन्याकडची माणसं नदी बघायला येऊ लागली. सर्जेराव त्यांना होडीतून फिरवून पाण्यात बुडालेल्या देवळाचा कळस आणि बेटावरचे करकोचे दाखवत. बायको मालनबाई मागं बसून आत झिरपलेलं पाणी डब्यानं उपसायची. पाखरांची नावं तिलाच जास्त ठाऊक होती.

गेल्या जानेवारीत राजानंद नावाचे शिक्षक आईला घेऊन आले. केशरबाई सत्तरीच्या; होडीत त्या पहिल्यांदाच बसत होत्या. परतताना वारा सुटला. नेहमीची वाट सोडून सर्जेरावांनी जवळची धरली. तिथं पाण्याखाली जुन्या बांधावरच्या बाभळी उभ्या आहेत हे त्यांना माहीत होतं. पाणी पुरेसं वर आहे असं त्यांना वाटलं. होडीच्या तळाला खोड लागलं, होडी कलली आणि चौघं पाण्यात पडली.

राजानंदांनी उलटलेली होडी धरली. केशरबाई बुडत होत्या. मालनबाई हाताच्या अंतरावर होती. सर्जेराव तिच्याकडं वळले, तशी ती म्हणाली, "म्हातारीला आधी काढा. मला पवता येतंय."

त्यांनी केशरबाईंना पाठीवर घेऊन बेट गाठलं. वळून पाहिलं तर होडीला एकटे राजानंद लटकलेले. सर्जेरावांनी दिवस मावळेपर्यंत बुड्या मारल्या. दुसऱ्या दिवशी मालनबाई सापडली. लुगडं काट्यांत अडकलेलं होतं.

तेराव्याला केशरबाई आल्या. आपल्यापायी झालं म्हणून त्या रडत राहिल्या. सर्जेराव म्हणाले, "तुमचं काई न्हाई त्यात, बाई. वाट म्या बदलली."

पुन्हा त्यांनी वल्हं हातात घेतलं नाही. मे महिन्यात पाणी ओसरलं, तेव्हा कुऱ्हाड घेऊन ते एकटेच चिखलात उतरले. गावातल्यांनी समजावलं, या वयात झेपायचं नाही. तरी रोज जात राहिले. पाणी परत चढलं तेव्हा निम्म्या बाभळी तशाच राहिल्या होत्या.

आता ते घाटावर बसतात. निघणाऱ्या प्रत्येक होडीला त्या बाभळी कुठं आहेत ते सांगतात. काही नावाडी ऐकतात, काही नुसती मान डोलावून निघून जातात.