शंकरपटाची जीप
माझ्या लग्नाच्या वरातीत मी जीपमध्ये बसलो होतो आणि जीप बैल ओढत होते. याला जबाबदार एकच माणूस आहे, आणि आरशात बघितल्याशिवाय तो मला दिसत नाही.

ही एकोणीसशे पंचावन्नच्या आसपासची गोष्ट. आमचं गाव आंजी, आणि घराणं शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीचं. पटावर बाबांची जोडी सुटली की आजूबाजूची गावं माना उंचावून बघायची. जेवताना आमच्याकडे मीठ कमी पडलं तर चालायचं, पण वेगाचा विषय निघाला नाही असं व्हायचं नाही. अशा घरात मी मिलिटरीची एक जुनी जीप आणि तिच्यामागे जोडायची ट्रॉली आणली. बाबा तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "हिले शिंगं कुठी हायेत?"

त्याच सुमाराला माझं लग्न आर्वीच्या सुशीलाशी ठरलं. मुहूर्त गोरजाचा, म्हणजे दिवस मावळता. मी जाहीर केलं की वऱ्हाड ट्रॉलीत बसून येईल. बाबांनी शांतपणे सुपारी कातरली.

"गोरजाच्या आत मांडवात पोचला, तर जीप तुही. नाई पोचला, तर तिच्यात कोंबड्या ठेवजो. मी आपल्या दमणीतच येतो."

आता जीपच्या मागच्या आसाचे दात झिजले होते. (पुढच्या चाकांना जोर पोचवणारा दांडा आधीच्या मालकानं कधीच काढून ठेवला होता, का, ते त्यालाच ठाऊक.) वर्ध्याच्या मिस्त्रीनं माझ्यापुढे दातेरी चाकांचे दोन जोड ठेवले.

"देखो भाऊ," तो म्हणाला, "हा पाचवाला. इंजनाकडचा दांडा पाच फेरे घेते तवा चाक एक फेरा घेते. गाडी हळू जाईन, पण वजन ओढीन. हा चारवाला. चारच फेऱ्यांत चाक फिरते. गाडी पळीन, पण ओढाची ताकद कमी. तुले ओढाचं हाय का पळाचं हाय?"

शंकरपटवाल्याच्या पोराला हा प्रश्न विचारायचा असतो का? शिवाय मला त्यात काटकसरही दिसली. चार फेऱ्यांत काम होत असताना इंजिनाला उगाच पाचवा फेरा कशाला मारायला लावायचा?

"चारवाला बसव," मी म्हणालो.

"मांगं ट्रॉली हाय म्हणता ना?"

"हाय. तीही पळीन."

मिस्त्रीनं मान खाली घालून चारवाला बसवला. त्याच्या खांद्यांची हालचाल मला हसण्यासारखी वाटली, पण मी तिकडे दुर्लक्ष केलं.

लग्नाच्या दिवशी आमचा गडी सखाराम भांड्यांची बंडी घेऊन पहाटेच निघाला. तिला नांगराची थोराड जोडी होती. न्याहारी करून बाबा दमणीत, म्हणजे आपल्या हलक्या बैलगाडीत, निघाले, पटाच्या जोडीसह. मी दुपारी निघालो. डोक्याला बाशिंग, कमरेला कट्यार, कट्यारीच्या टोकाला लिंबू आणि हातात स्टिअरिंग. मागे ट्रॉलीत चौदा बायामाणसं, त्यांत आमची आत्या, म्हणजे वजनाच्या हिशेबानं सोळा.

सपाट रस्त्यावर जीप अशी पळाली की माझं ऊर भरून आलं. अर्ध्या वाटेवर सखारामची बंडी मागे टाकली, मग बाबांची दमणी. दोन्ही वेळा मी हॉर्न वाजवला. (बाबांच्या वेळी जरा जास्तच.) दमणी धुळीत दिसेनाशी झाली.

पुढे नाला आला. उतार झकास झाला. पाणी आटलेलं होतं. मग चढ लागला आणि जीप अर्ध्यावर म्हातारीसारखी कण्हून बंद पडली. पुन्हा सुरू केली, चार हात चढली, पुन्हा बंद. क्लचचा जळका वास सुटला.

"वाम्या, काय जळून राह्यलं रे?" आत्यानं विचारलं.

"काही नाई. उतरा जरा."

चौदाही जण उतरले आणि ढकलू लागले. मीही उतरायला लागलो तर आत्या कडाडली, "हळद लागलेला नवरदेव गाडी ढकलते का कधी? बस आत." म्हणून मी आत बसून राहिलो. माझ्या लग्नासाठी सारं वऱ्हाड घामाघूम होत होतं आणि मी लिंबू सांभाळत होतो. सूर्य खाली खाली चालला होता. सुशीला तिकडे हळदीच्या अंगानं माझी वाट बघत असेल, या विचारानं मला खरंच रडू येऊ लागलं.

एवढ्यात दमणी आली. हॉर्न नसल्यामुळे बाबांनी नुसतं खाकरून घेतलं. मग आपली पटाची जोडी सोडून जीपला जुंपली. बैलांनी एकदा मागे वळून बघितलं, आणि हे आपलं काम नव्हे अशा थाटात खाली बसले.

"काऊन बाबा?" मी विचारलं.

"पळाची जोडी हाय ते," बाबा तोंड फिरवून म्हणाले. "ओढाची नाई."

मिस्त्रीनं हेच सांगितलं होतं. फक्त माझ्या बापानं सांगितल्यावर ते मला कळलं.

शेवटी सखाराम बंडी घेऊन डुलत डुलत आला. त्यानं काहीही न विचारता आपली जोडी सोडली, नाडा बांधला आणि जीभ टाळ्याला लावून आवाज केला. ट्रॉलीसकट जीप वर. पण तोवर जळून जळून क्लचनं हात टेकले होते. तेव्हा बंडी नाल्याकाठीच ठेवली आणि सखारामच्या जोडीमागे तसेच पुढे निघालो. गोरजाला थोडा अवकाश असताना आम्ही आर्वीत शिरलो. वाजंत्री थांबली, आणि अख्खी आळी हसायला लागली.

अक्षता पडल्या. नाव घ्यायची वेळ आली. सुशीला खाली मान घालून म्हणाली,

"आंजीहून निघाली जीप, नाल्यात बसली रुसून,
वामनराव आले मांडवी बैलांच्या मागं बसून."

मांडवात सगळ्यात मोठ्यांदा बाबाच हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "गोरजाच्या आत पोचला. जीप तुही. बैल मात्र सोडू नको."

पुढच्याच आठवड्यात मी क्लच बदलला आणि पाचवाला जोड बसवून घेतला. त्यानंतर जीपनं कुठलाही चढ सोडला नाही. फक्त फार सावकाश. सुशीला माहेरी जायला निघाली की पहाटेच बाबांच्या दमणीत बसायची. मी आर्वीला पोचेपर्यंत दोघांचा चहा पिऊन झालेला असायचा, आणि बाबांची जोडी कडबा खाऊन रवंथ करत माझ्याकडे बघत बसलेली असायची.