टाकीच्या झाकणावरचा स्क्रू

ती घटना मी आनंदाने विसरलो असतो, पण होडीचे आउटबोर्ड इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला की ती हटकून आठवते. मुरुडजवळच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका मच्छीमाराची होडी सकाळी धक्क्यावरून निघाली, जेमतेम पाव तासात इंजिन बंद पडले आणि ती वाहत जाऊन खडकावर आदळली. त्याच्या धाकट्या भावाचा पाय मोडला. चुलतभावाने पेट्रोलमध्ये काहीतरी घातले, अशी त्याची तक्रार होती. जाळ्यांच्या भांडणावरून दोघांचे वर्षभर बोलणे नव्हते.

दुपारी खबऱ्याने सांगितले की, टाकी होडीत ठेवून तक्रारदार बर्फ आणायला गेला, तेव्हा हा चुलतभाऊ होडीत चढला होता. मला तेवढे पुरे झाले. त्याला ठाण्यात आणून दोन तास विचारपूस केली.

"होडी धक्क्याला आपटत व्हती, साहेब. दोरी आवळली. टाकीला हात लावला न्हाय."

"ज्याच्याशी बोलत नाहीस, त्याच्या होडीची एवढी काळजी?"

"भांडान त्याच्याशी हाय. होडीशी न्हाय."

मला ते उर्मटपणाचे वाटले. पंचनाम्यात घेतलेले पेट्रोल स्वच्छ दिसत होते, ना पाणी ना गाळ, तरी मी हट्टाला पेटलो होतो. अटक झाली तर ऐन हंगामात त्याची होडी किनाऱ्याला पडून राहणार आणि कोळीवाड्यात त्याला तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हे मला माहीत होते. तरीही अटकेचे कागद तयार करायला सांगितले.

केवळ पुरावा पक्का व्हावा म्हणून संध्याकाळी मेकॅनिकला धक्क्यावर बोलावले. संशयितालाही नेले. कोळीवाडा जमलाच. मेकॅनिकने इंजिन पाण्याच्या पिंपात उभे केले, जप्त केलेली टाकी जोडली, नळीवरचा रबरी फुगा दाबून पेट्रोल चढवले. इंजिन झकास सुरू झाले. दहा-बारा मिनिटांनी ठसकले आणि थांबले. फुगा आत ओढला जाऊन चपटा झाला होता. त्याने टाकीचे झाकण सैल केले. फुस्स आवाज आला आणि फुगा परत फुगला.

"झाकनावरचा हवेचा स्क्रू बंद हाय, साहेब. टाकीत हवा शिरली न्हाय, तर पेट्रोल भायेर येनार कसं?"

मी विजयी मुद्रेने संशयिताकडे वळलो. तेवढ्यात मागून तक्रारदाराची बायको पुढे आली.

"तो स्क्रू मी आवळला. काल सांजला टाकी पयल्यांदाच घरात आली. चुलीपाशी वास सुटला व्हता, मला भ्या वाटलं. ह्यांना सांगायचं र्‍हायलं."

"टाकी घरी का आणली?" मी तक्रारदाराला विचारले.

त्याने चुलतभावाकडे बोट दाखवले. "ह्यो पेट्रोल चोरतो, असं वाटलं व्हतं."

म्हणजे इंजिन संशयानेच बंद पाडले होते. तक्रारदार मान खाली घालून उभा राहिला. चुलतभाऊ वर्षभरात पहिल्यांदा त्याच्याशी बोलला. "टाकी र्‍हाऊ दे होडीतच. मी हाय धक्क्यावर."

पुढे प्रत्येक तक्रारदाराला 'संशय कोणावर?' हे मी शेवटी विचारू लागलो. आधी विचारायचो, 'कालपासून तुम्ही स्वतः काय बदललंत?' अटकेचे कागद त्याच संध्याकाळी फाडले. त्या चुलतभावाची माफी मात्र मागितली नाही. वर्दीत असताना ते जमले नाही, आणि निवृत्त होऊन वर्दी उतरल्यावर गेलो तेव्हा त्याच्या घराला कुलूप होते.