भुताचा पत्ता

कुणी भुताची गोष्ट काढली की आमचे घरमालक नामदेवकाकाजी हातमाग थांबवत आणि म्हणत, “पत्ता सांग गा.” मग भाकरी बांधून भरदुपारी सायकलवर खरोखर तिथं जाऊन येत. मौद्याच्या रस्त्यावरची हडळ झाली, नंदनवनाकडच्या पिंपळावरचा मुंजा झाला. संध्याकाळी पिशवीभर बोरं घेऊन परत. वर आम्हालाच ऐकवत, “भूत घरून न्या लागते. तिथं काही भेटत नाही.”

सत्तर सालच्या सुमारास लग्न होऊन मी नागपूरला त्यांच्या भाडेकरूंच्या घरात आले. त्यांच्या पत्नी सखूकाकू चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत आणि जगातल्या झाडून सगळ्या भुतांवर विश्वास ठेवत. एकदा परसात पांढरं काहीतरी हललं. काकूंना हडळ दिसली. माझ्या सासूबाईंना साक्षात महाराज दिसले. त्यांनी हातही जोडले. काकाजींना स्वतःचं धोतर दिसलं, दोन दिवसांपासून हरवलेलं.

काकूंच्या डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं होतं. जोडवं त्यात कधी धड बसलं नाही. “हडळीचे पाय उलटे असतेत म्हणते. अर्धी तं मले भेटली,” काकाजी चिडवत. काकू फणकारत, “हासा, हासा! मी मेली ना, तं येईनच पाहा!”

त्या वर्षी थंडीत तापाचं निमित्त झालं आणि काकू गेल्या. माग बंद पडला. काकाजी नुसते चरख्याकडे बघत बसत. एकदा मला म्हणाले, “येईन म्हणे. मी हासत होतो म्हून रुसली तं नसंन ना वं, सूनबाई?” मी उगीच चहा टाकला.

गेलेल्या माणसासाठी रात्री पीठ पसरून त्यावर टोपली झाकायची आणि सकाळी उमटलेल्या पावलावरून त्याचा पुढचा जन्म ओळखायचा, अशी आमच्याकडे रीत. ते पीठ काकाजींनी स्वतः चाळलं, दोनदा. चरख्याच्या जागेवर पसरलं. सगळी गल्ली चाट पडली.

सकाळी टोपली उचलली. काकूंच्या गाय पाळणाऱ्या नणंदेला त्यात खूर दिसला. नरखेडहून आलेल्या, संत्र्यांची बाग असलेल्या त्यांच्या भावाला पोपटाचा पंजा दिसला. मला सातवा महिना होता, त्यामुळे सासूबाईंना बाळकृष्णाचं पाऊल दिसलं. खरं सांगायचं तर मला झुरळ फिरल्यासारखं वाटलं, पण मला कुणी विचारलं नाही.

काकाजी चष्मा पुसून वाकले. बराच वेळ उठेचनात. मग हळूच म्हणाले, “डावा पाय हाय. बोट चढेल हाय.”

काही दिवसांनी माग पुन्हा खटखटू लागला, तेव्हा धीर करून मी चिडवलं, “काकाजी, भूत घरून न्यावं लागतं ना?”

धोटा न थांबवता ते म्हणाले, “न्याचं कायले वं? हे तं घरचंच होतं.”