बिनपाण्याची टेकडी

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो माझ्या भूगोलाच्या बाईंचा. दहावीनंतर मी वडिलांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसणार, हे घरात ठरलंच होतं. बाई पंक्चरचं निमित्त करून दुकानात आल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "चाकं तुम्ही बघा, याला मला द्या." आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्या वाक्यामुळे. पुढे शेतकी कॉलेज, शिष्यवृत्ती, आणि २००३ साली कॅलिफोर्नियात पासो रोबल्सजवळ एका वयस्कर बाईंच्या द्राक्षमळ्यात नोकरी.

मळ्यामागे एक टेकडी होती. तिच्यावर मूर्वेद्र जातीच्या काळ्या द्राक्षांच्या जुन्या वेली होत्या. ही जात मूळची स्पेनची, भूमध्य समुद्राकाठी वाढलेली. तारा नाहीत, ठिबक नाही, कमरेइतकी बुटकी झुडपं. घड पुष्कळ धरायचे, पण नीट पिकायचे नाहीत. वाइन पातळ व्हायची. मालकिणीने टेकडी उपटायचं ठरवलं होतं.

मी मात्र तिथे खड्डे घेऊन पाहिले होते. वर पांढरी चुनखडी, खाली ओल धरणारी चिकणमाती. दिवसा ऊन भट्टीसारखं पेटायचं आणि संध्याकाळी डोंगराच्या खिंडीतून समुद्राचा वारा आला की स्वेटर शोधावा लागायचा. या वेलींना याहून चांगलं घर मिळणार नाही, कमी पडते ती आपली निगा, असं मी तिला सांगितलं.

"एक हंगाम घे," ती म्हणाली. "जमलं नाही तर वेली उपटायला ट्रॅक्टर तूच चालवायचा."

हिवाळ्यातला पाऊस संपताच मी तण नांगरून टाकलं आणि वरची माती भुसभुशीत केली, म्हणजे खालची ओल उडत नाही. सकाळचं ऊन लागावं म्हणून पूर्वेची पानं काढली, दुपारच्या सावलीसाठी पश्चिमेची ठेवली. घडांना रंग चढू लागला तेव्हा जवळजवळ अर्धे कापून टाकायचे होते. क्युपर्टिनोला संगणक कंपनीत असलेला माझा नागपूरचा मित्र मदतीला आला. चार घड कापल्यावर त्याने कात्री खाली ठेवली.

"यार, हे पाप आहे. माझ्या आईनं पाहिलं ना, तर घरात घ्यायची नाही मला."

"उरलेले चांगले पिकावेत म्हणून कापायचे रे."

"आमच्या कंपनीतपण असंच सांगतात, लोकांना काढताना!"

ऑगस्टच्या शेवटी उष्णतेची लाट आली. पानांच्या कडा पिवळ्या पडल्या. मालकिणीने विचारलं, "टँकर मागवू?" आमच्याकडे महाराष्ट्रात बागेचं पाणी तुटलं की माणसं जेवत्या ताटावरून उठतात. माझ्या ओठांवर 'हो' आलंच होतं. पण आता पाणी दिलं तर मणी फुगतील, रस पातळ होईल. मी फावडं घेतलं आणि दोन वेलींमध्ये खणत गेलो. कमरेइतक्या खोलीवर चिकणमाती लागली. मुठीत दाबली, तिचा गोळा झाला. त्यात दोऱ्यासारखी पांढरी मुळं होती.

"नको," मी म्हणालो.

रात्री मित्राचा फोन. "दिलंस पाणी?"

"नाही."

"मग ट्रॅक्टर शिकून ठेव."

लाट ओसरली, वेली तगल्या. ऑक्टोबरात मणी लहान, जाड सालीचे आणि शाईसारखे काळे निघाले. वसंतात मालकिणीने मळ्यातल्या सगळ्या वाइनचे नमुने बाटल्यांत भरून कागदी पिशव्यांनी झाकले आणि सुट्टीवर आलेल्या माझ्या मित्राकडून त्यांची अदलाबदल करून घेतली. ती चाखत गेली, आणि पुन्हा पुन्हा एकाच ग्लासकडे परतली. "ही कुठली?" मी पिशवी काढली. टेकडीची! मित्र इतक्या जोराने ओरडला की अंगणातलं कुत्रं भुंकत सुटलं. मालकीण हसली. "शेजारचा उतारही तूच लाव."

त्याच आठवड्यात मी पत्र लिहिलं.

"बाई, नमस्कार. मी काम करतो त्या मळ्यात द्राक्षांची वाइन होते, आणि वाइन म्हणजे दारूच, हे आधीच सांगतो. इथली एक टेकडी उपटली जाणार होती. ती आता राहणार आहे. मी माती खणून पाहिली, हवा ओळखली आणि पाणी दिलं नाही, एवढंच. शेजारच्या उतारावर लावायच्या वेली आज निवडल्या. त्या माझ्यामागेही जगतील. कोरडा उन्हाळा आणि हिवाळ्यात पाऊस, ही हवा तुम्ही किती वर्षं फळ्यावर शिकवलीत. आता तिच्यात उभं राहून बघा. तिकीट मी काढतो, नाही म्हणू नका. मे महिन्याच्या सुट्टीत या. तेव्हा वेली फुलावर असतात."